आधी चार्जर काढा, मग मुलाकडे बघा



मी नांदेड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. माहेर लातूरचं. दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा झाली आणि एक आई मागं थांबल्या. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कपाळाला पट्टा बांधायचा, मेंदूच्या लहरी मोजायच्या, मुलाचं लक्ष किती टक्के ते लगेच स्क्रीनवर. "मॅडम, आमचं पोरगं एका जागी बसतच नाही. हे घ्यावं का?" मला उत्तर येईना. म्हटलं, "सुट्टीत बघून सांगते."

लातूरला बहिणीचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याने हौसेनं असंच एक सर्किट जोडलं होतं. तीन इलेक्ट्रोड, वायरी आणि लॅपटॉप. एक इलेक्ट्रोड माझ्या कपाळावर, दोन कानांमागं. स्क्रीनवर लहर कुठली, नुसता जाड पट्टा! "मावशी, तुझ्या डोक्यात लई गडबड चालायलीय," म्हणून तो हसला.

पण गडबड डोक्यात नव्हतीच. का, ते बघा. मेंदूचा सिग्नल कातडीपर्यंत येताना काही मायक्रोव्होल्टच उरतो. ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचा तीस हजारावा भाग. आणि आपल्या घरात २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करत असते. भरल्या बाजारात कुणी कुजबुजावं, तसं हे.

आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो. एका वेळी एकच, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढला. पट्टा बराच बारीक झाला. अंगाला वायरी असताना चार्जर लावायचाच नाही, हा सुरक्षेचाही नियम आहे. मग एक्स्टेंशन बोर्डापासून लांब बसले. मग लक्षात आलं, सकाळीच डोक्याला तेल लावलेलं! कपाळ आणि कानामागची जागा स्पिरिटने पुसली, जेल लावलं. लोंबणाऱ्या वायरी एकमेकींत पिळून टेपने चिकटवल्या. आता रेघ दिसू लागली.

तरी मधेच मोठे उंचवटे यायचे. ती माझी पापणी लवत होती. दात आवळले की रेघेला काटे फुटायचे. म्हणजे यंत्र बरोबर होतं, पण दाखवत होतं डोळे आणि जबडा.

शेवटी कपाळावरचा इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या बाजूला, केस बाजूला करून लावला. डोळे मिटले. थोड्या वेळाने भाचा ओरडला, "आली!" सेकंदाला साधारण दहा लाटा. डोळे उघडले की गायब. या अल्फा लहरी. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख घेतला. त्यांनी स्वतःच्या मुलावरही प्रयोग केले. पण लेख छापला १९२९ मध्ये. ही लहर खरंच मेंदूची आहे की नाडीची, रक्ताची, हे ते तपासत राहिले.

पाच वर्षं! आणि आपण पाच मिनिटांत मुलाचे टक्के काढणार?

२०१९ मध्ये चीनमधल्या जिनहुआ शहरात एका प्राथमिक शाळेने मुलांच्या डोक्याला असे पट्टे बांधले होते. टीका झाली आणि तिथल्या शिक्षण विभागाने ते थांबवायला लावलं.

सुट्टीनंतर त्या आईंना हे सगळं सांगितलं. म्हटलं, "ताई, पट्टा घेऊ नका. डोळे चोळले तरी त्याचे टक्के बदलतील." पण त्यांची काळजी खरी होती. मग मीही एकेक गोष्ट बदलून बघायचं ठरवलं. त्याची जागा दाराशी होती, समोरच पिठाची गिरणी. त्याला फळ्याजवळ बसवलं. दुसऱ्या आठवड्यात आईंना त्याचे डोळे तपासून घ्यायला सांगितलं. चष्मा लागला.

अजूनही तो उठतो. पण आता फळ्यावरची ओळ पूर्ण लिहून उठतो. आणि "लक्ष नाही" असा शेरा लिहिताना माझा हात जरा थांबतो.

तुमच्या वर्गात असं कोणी असेल तर आधी काय बदलून बघाल? नक्की कळवा.