कानाने ओळखायचं दुखणं

वॉकमनला दोन छोटे स्पीकर जोडलेले असायचे. लताबाईंचा आवाज हळूहळू जड, पुरुषी व्हायला लागला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘सेल गेले वाटतं.’ नव्वदच्या आसपास शाळा-कॉलेजात असलेल्या आपल्या पिढीच्या घरांत बिघाडाचं निदान असं कानाने व्हायचं. आवाज जड झाला तर सेल. गाणं ‘रडायला’ लागलं, सूर वरखाली हलायला लागला, तर बेल्ट. झांजांची खणखण गेली, सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटलं, तर हेड. आणि एकाच कानात येत असेल तर पिनेपाशी वायर तुटलेली. ती वायर नेमक्या कोनात धरून अख्खी बाजू ऐकणारा एखादा दादा बहुतेक घरांत असे.

सोनीने जपानमध्ये जुलै १९७९ मध्ये वॉकमन बाजारात आणला. आपल्याकडे कितीतरी घरांत तो दुबई-मस्कतहून आलेल्या काकांच्या बॅगेतून उतरला. त्याचे स्वस्त भाऊबंद नंतर रस्त्यावरही मिळू लागले. गाण्यांबरोबर पुलंची ‘म्हैस’ आणि वपुंचं कथाकथनही आपण त्यावरच ऐकलं. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या डबीत टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायची. पोलादाची एक बारीक दांडी आणि टेप तिच्यावर दाबून धरणारा रबरी रोलर टेपला ओढायचे. मोटरचा जोर दांडीपर्यंत न्यायचा तो एक नाजूक बेल्ट. तो जरासा घसरला तरी कान लगेच टिपायचा.

म्हणून बेल्टला पर्याय नव्हता. साधं रबरबँड चढवून पाहिलेल्यांना माहीत आहे, गाणं आणखीच हेलकावे खायचं. जुना बेल्ट कागदात गुंडाळून मापासाठी न्यायचा. पुण्यात बुधवारातली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानदार दोन बोटांत तो ताणून बघायचा आणि भिंतीवरच्या जुडग्यातून बरोबर जोडीचा काढायचा.

टेप वाचणाऱ्या हेडचं काम मात्र घरीच. टेबलावर वर्तमानपत्र, स्क्रू ठेवायला वाटी, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणि काडीला गुंडाळलेला कापूस. हेडवरून, मग रोलरवरून फिरवला की कापूस तपकिरी व्हायचा. टेपवरच्या लोहाच्या ऑक्साइडची ती भुकटी. पण हेड लख्ख करूनही कॅसेट कोंदट वाजली, तर खरी कसोटी पुढे होती. हेडच्या कडेला स्प्रिंगवर बसवलेला एक इवला स्क्रू असतो. टेस्टर त्याला जाडा पडतो, घड्याळजीकडचा पेचकसच हवा. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवायचा. हेडची फट टेपला बरोबर काटकोनात आली की घुंगरं, झांजा, गायिकेचा श्वास एकदम उघडा व्हायचा. तो क्षण ज्याने ऐकला त्याला आजही कुठल्याही यंत्रावरचा फरक कळतो, असं मला अगदी मनापासून वाटतं. फक्त कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून आणलेल्या कॅसेटला स्क्रू जुळवला की विकतच्या कॅसेटी कोंदट व्हायच्या, कारण तिथल्या रेकॉर्डरचा कोन वेगळा. मग घरात मतदान: कुणाच्या कॅसेटीला जुळवायचं?

मशीनने कॅसेट ‘खाल्ली’, तर झाकण उघडून टेप ओढायची नाही. रोलरभोवतीचे वेढे एकेक करून सोडवायचे आणि षट्कोनी पेन्सिल घालून गुंडाळायचं. तुटलीच तर दोन्ही टोकं ब्लेडने तिरकी कापून मागच्या बाजूने सेलोटेपचा तुकडा, कडेबाहेर न येऊ देता. हेडच्या बाजूने कधीच नाही.

ज्यांच्या कपाटात तो वॉकमन अजून आहे, त्यांनी आधी सेल काढावेत. फुटलेल्या सेलचं पाणी पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकतं. बेल्ट बहुधा डांबरासारखा वितळलेला असेल, तो स्पिरिटने पुसून नवा घालावा. पहिल्यांदा नको असलेलीच कॅसेट लावून बघावी. आजोबांचा आवाज असलेली कॅसेट पुसट वाजली, तर टेपच्या मागचं फेल्टचं चिमुकलं पॅड गळलंय का ते पाहावं; स्क्रूची कॅसेट असेल तर पाच स्क्रू काढून दुसरीचं बसवता येतं. उघडण्यापूर्वी टेप कुठून कुठे जाते ते नीट बघून ठेवावं. आणि आवाज आला की हेडफोनच्या भोकातून वायर काढून तो त्याच दिवशी संगणकात उतरवून घ्यावा.