गोड्या पाण्याचं बेट

मालवण,
कोजागरी पौर्णिमा

चि. मुक्ता हीस,


तुझं पत्र पोचलं. जानेवारीत तुला आणि अनिकेतला एकदम रजा मिळते आहे हे वाचून फार बरं वाटलं. मालदीव, अंदमान की लक्षद्वीप, "आत्या, तूच सांग, पण बेट सुंदर हवं," असं लिहिलंस. सुंदर तर तिन्ही आहेत. उथळ पाणी, खाली पांढरी वाळू आणि वर स्वच्छ ऊन असलं की निळा रंग सगळीकडे सारखाच दिसतो, त्यामुळे फोटो पाहून निवडायला बसलात तर जानेवारी उलटून जाईल. बेटाचं नाव कुणी काढलं की मी आधी एकच गोष्ट विचारते. तिथे प्यायचं पाणी कुठून येतं?

सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव तू लहानपणी वाकून पाहिल्या आहेस. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, पण हे पाणी नसतं तर आत शिबंदी टिकलीच नसती. कुरटे हे खडकाचं बेट. लक्षद्वीपची बेटं वेगळ्याच जातीची आहेत. तिथे डोंगर नाही, ओढा नाही, नदी नाही. आहे तो प्रवाळाचा चुरा आणि वाळू, तीही बहुतेक ठिकाणी समुद्रापेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच. पडलेला पाऊस सरळ वाळूत झिरपतो आणि खाली मुरलेल्या समुद्राच्या पाण्यावर, ताकावर लोणी तरंगावं तसा, तरंगत राहतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, एवढ्या एका गोष्टीवर ही बेटं माणसांना जगवत आली आहेत.

गोड्या पाण्याचा हा थर पातळ असतो. भरती आली की विहिरीतलं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. हावरटपणे उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पावसाची वाट पाहावी लागते. शिवाय संडासाच्या टाक्याही त्याच वाळूत असतात, त्यामुळे वस्ती वाढली की विहिरी बिघडतात. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर मी उतरले होते त्या घरच्या आजी पहाटे विहिरीवर जायच्या आणि दोर सोडण्याआधी आत डोकावून पाणी कितपत आहे ते बघायच्या. मला त्या दोनच बादल्या देत. तिसरी मागायची मला कधी इच्छाही झाली नाही.

सरकारने यावर उपाय केला आहे, आणि तो मला खरोखर कौतुकाचा वाटतो. 2005 मध्ये कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा एक प्रकल्प उभा राहिला, रोज सुमारे एक लाख लिटरचा. समुद्राच्या वरच्या थराचं कोमट पाणी कमी दाबाखाली आणलं की त्याची वाफ होते. मग साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची, म्हणजे तिचं पाणी होतं. पुढे मिनिकॉय आणि अगत्ती या बेटांवरही असे प्रकल्प झाले. पण पंप चालायला वीज हवी, वीज करायला डिझेल हवं, आणि डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने यायला हवं. यंत्रावर तहान भागवणं किती नाजूक असतं ते मालदीवने 2014 च्या डिसेंबरात पाहिलं. मालेमधल्या पाण्याच्या कारखान्यात आग लागली आणि लाखाहून अधिक माणसांचं शहर एका दिवसात कोरडं पडलं. भारताने तेव्हा विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं.

म्हणून मालदीवबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिथे रिसॉर्टला उतरलात तर एक अख्खं बेट म्हणजे एक हॉटेल. पाणी यंत्राचं, भाजी विमानाने आलेली, आणि गावातली माणसं दुसऱ्याच बेटावर. आठ दिवस राहून तुम्ही मालदीवच्या एकाही घराचा उंबरा पाहणार नाही. अंदमान मला मनापासून आवडतं. तिथे डोंगर आहेत, दाट रान आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आहे, आणि सेल्युलर जेलसमोर उभं राहिल्यावर मराठी माणसाच्या मनात जे होतं ते मी तुला सांगायला नको. पण अंदमानला आई-बाबांना घेऊन जा. त्यांना ते फार हवं आहे.

तुम्ही दोघं लक्षद्वीपला जा, आणि त्यातही मिनिकॉयला.

पाणी एवढं तोलूनमापून असताना तिथे जायचं तरी कशाला, असं तू विचारशील. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. छत्तीस बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती, सगळी मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेत माणसं 64 हजारांवर. प्रवेशाला परवाना लागतो, म्हणून येणाऱ्यांची संख्या अजून आवाक्यात आहे. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या तिथल्या छायाचित्रांनंतर देशभर लक्षद्वीपची चौकशी सुरू झाली. मोठमोठी हॉटेलं येण्याच्या गोष्टीही निघतात. थोडीच माणसं आली, गावाच्या बेताने राहिली आणि त्यांचा पैसा गावात पोचला, तर या बेटांना दुसऱ्या कुणाचा आसरा शोधावा लागणार नाही. तुमच्यासारख्या पाहुण्यांनी तिथे जावं असं मला वाटतं ते यासाठी. बंगाराम बेटावर मात्र जाऊ नका. ते देखणं आहे, पण तिथे गाव नाही.

मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून दूर दक्षिणेला एकटं आहे. भाषा माहल, मालदीवच्या बोलीची सख्खी बहीण, तर बाकी बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली. 1885 चा पांढरा दीपस्तंभ आहे, त्यावर चढू दिलं तर चढा. वरून सगळी खाजण आणि तिच्याभोवतीची प्रवाळाची कड एका नजरेत येते. गावं मोहल्ल्यांसारखी आहेत, प्रत्येकाचा कारभार वेगळा आणि शर्यतीच्या लांब रंगीत होड्याही वेगळ्या. बायकांचा शब्द तिथे घरात आणि गावात चालतो, हे तुला विशेष आवडेल.

आणि मासेमारी बघ. टूना, म्हणजे आपला कुपा, तिथे काठी आणि गळाने एकेक करून धरतात. खाजणीतली बारीक जिवंत मासळी समुद्रात फेकायची, कुपा वर आला की गळ टाकायचे. कुप्याला जाळं नाही, ओरबाडणं नाही. कुपा खुल्या समुद्रातला असल्यामुळे प्रवाळातले मासे अनेक वर्षं वाचले. त्यांतला पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याची वाळू करून टाकतो. ज्या वाळूवर तू चालशील तिच्यात त्याचा मोठा वाटा आहे. हॉटेलांच्या ताटांसाठी आता हेही मासे मारले जाऊ लागले आहेत. म्हणून माझं ऐक, जेवायला कुपाच माग. तो उकडून, धुरावून, वाळवून केलेला मासमीन मिळाला तर थोडा माझ्यासाठी घेऊन ये.

पाण्यात उतराल तेव्हा प्रवाळावर पाय ठेवू नका. 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये समुद्र तापला आणि तिथला प्रवाळ पांढरा पडला. त्याच्या अंगात राहून त्याला अन्न देणारं शेवाळ उष्णतेने निघून जातं आणि तो उपाशी पडतो. बेटाभोवतीची ही प्रवाळाची कड खचली तर लाटा थेट किनाऱ्यावर येतील. बंगारामजवळचं परळी नावाचं एक निर्मनुष्य बेट धुपून पाण्याखाली गेलंच आहे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, कायद्यानेही तो गुन्हा आहे.

पावसाळे उरकल्यावर जानेवारीत विहिरी भरलेल्या असतात आणि समुद्र शांत असतो, तेव्हा तुमची वेळ योग्य आहे. विमान अगत्तीपर्यंतच जातं, म्हणून कोचीहून जहाजानेच जा. रात्र डेकवर काढा. मिनिकॉयला दारूची आशा धरायची नाही, हे अनिकेतला आधीच सांगून ठेव. अंगभर कपडे घ्या, गाव मुसलमानांचं आहे आणि साधेपणाला तिथे मान आहे. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका, तिथे कचरा टाकायला जागा नाही.

परवाना आणि जहाजाचं तिकीट हातात पडल्याशिवाय कोचीचं रेल्वे आरक्षण करू नका. जहाजाच्या तारखा बदलतात, परतीला दोन दिवस जास्तीचे धरा. रजेचा अर्ज तसाच कर, आणि तारखा नक्की झाल्या की मला कळव. कवरत्तीच्या आजींच्या नातवाला मिनिकॉयमधलं कुणी ओळखीचं आहे का, ते मी विचारून ठेवते.

अनिकेतला आशीर्वाद.

तुझी,
आत्या