संध्याकाळ

आप्पा पुण्याच्या मुक्तांगणातून ३५ दिवसांनी घरी आले, तेव्हा आम्हां सर्वांना वाटले, सुटलो एकदाचे! १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या त्या केंद्राने कितीतरी संसार सावरले, आमचाही सावरला.

दारू सुटली, पण संध्याकाळ तशीच राहिली. सहा ते नऊ हे तीन तास घालवायचे कुठे? जुने सोबती ‘एकच घे’ म्हणणारे. त्यांच्यात जायचे नाही. आणि न पिणाऱ्या शेजाऱ्यांनी आप्पांना गटाराकाठी पडलेले पाहिलेले. ते ‘काय, बरंय ना?’ म्हणतात आणि लगबगीने पुढे होतात. म्हणून आप्पा वांगणी स्टेशनच्या बाकावर एकटेच बसतात. कर्जत लोकल येते, माणसे उतरतात, फलाट पुन्हा ओस पडतो.

लोकांना तरी नावे का ठेवावीत? आप्पांना दार उघडताना मीही नकळत खोल श्वास घेतो, वास येतो का ते पाहायला. परवा त्यांच्या ते लक्षात आले. रागावले नाहीत. जवळ येऊन त्यांनी माझ्या चेहऱ्यावर हलकेच फुंकर घातली. आल्याच्या चहाचा वास होता. मला मान वर करवेना.

काल कॉलेजातून परतताना गाडीतून उतरलो, तो आप्पा बाकावर दिसले. एरव्ही मी नजर चुकवून पूल चढतो. काल शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ दोघेही गप्प. मग त्यांनी विचारले,

“बी. ए.ला नेमकं शिकवतात तरी काय रे?”