दुकानाच्या दारावरील पाटी

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरचें कोणी ना कोणी आज परदेशीं आहे. तेव्हां तेथील रस्ते, तेथील थंडी आणि तेथील भाजीचे भाव यांविषयीं आम्हीं नव्यानें कांहीं सांगावें असें नाहीं. परंतु गेल्या वर्षीं धाकट्या चिरंजीवांकडे अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत चार महिने राहिलों असतां एका पाटीवरून घरांत जो खल झाला, तो मात्र सांगण्यासारखा आहे. कारण त्या खलांत आम्हीं पहिल्याच रात्रीं मोठ्या अधिकारवाणीनें मत दिलें, आणि तें आम्हांस पुढें मागें घ्यावें लागलें.

आमची सूनबाई एका मैत्रिणीच्या भागीदारींत डॅलस शहराच्या उत्तरेकडील एका उपनगरांत किराणा मालाचें लहानसें दुकान चालविते. पोहे, साबुदाणा, मेतकूट, गोडा मसाला, आंब्याच्या रसाचे डबे, असा सगळा माल. गिऱ्हाईक बहुधा आपल्याकडचें. तथापि शेजारपाजारचे गोरे व मेक्सिकन लोकही हळद, चहा असें कांहीं न्यावयास येतात. शाळा सुटली कीं आमची नऊ वर्षांची नात गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून अभ्यास करिते. एके दिवशीं सायंकाळीं आम्हीही तेथेंच बसलों असतां एक उंचापुरा, पन्नाशीचा गृहस्थ आंत आला. त्याच्या कमरपट्ट्यास चामड्याच्या म्यानांत पिस्तूल लटकत होतें. त्यानें टोपीस हात लावून आम्हांस अभिवादन केलें, आंब्याच्या रसाचे दोन डबे घेतले, नातीस ती कोणत्या इयत्तेंत आहे तें विचारलें, पैसे चुकते केले आणि तो निघून गेला. घडलें तें इतकेंच. परंतु डाळींच्या रांगेंत उभ्या असलेल्या एक वृद्ध बाई अर्धी भरलेली ढकलगाडी तेथेंच सोडून केव्हांच बाहेर पडल्या होत्या. आणि आमच्या हातांतील चहाचा पेला कांपत होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

त्या मनुष्यानें कोणताही कायदा मोडला नव्हता. टेक्ससमध्यें १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकास पिस्तूल उघडपणें बाळगतां येऊं लागलें, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तर, कायद्यानें अपात्र न ठरलेल्या एकवीस वर्षांवरील माणसास परवान्याचीही आवश्यकता उरली नाहीं. तथापि दुकान ही मालकाची खाजगी जागा. त्यानें मनाई केल्यास ती पाळावी लागते. ती मनाई कशी करावी हेंही तेथील दंडसंहितेनें ठरवून दिलें आहे. परवानाधारकाच्या झांकलेल्या पिस्तुलासाठीं कलम ३०.०६ ची पाटी, उघड्यासाठीं ३०.०७ ची; मजकूर कायद्यानें नेमून दिलेला, इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, अक्षरें निदान एक इंच उंचीचीं, रंग उठून दिसणारे. परवाना नसलेल्यांकरितां आणखी एक तिसरी पाटी! एक 'नको' म्हणावयास इतकें लिहावें लागतें हें पाहून, जन्मभर फळ्यावर सुवाच्य अक्षर काढणाऱ्या आमच्यासारख्यासही नवल वाटलें. पाटी डावलून कोणी आंत आला तर त्यास दोनशें डॉलरपर्यंत दंड होऊं शकतो. तोंडी सांगूनही तो बाहेर न गेला तर अपराध वरच्या वर्गाचा होतो.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं निकाल दिला: "सगळ्या पाट्या लावून टाका." चौतीस वर्षें आम्ही शाळेंत घालविलीं, आणि शाळेच्या भिंती पाट्यांवरच उभ्या असतात. परंतु दुसऱ्या दिवशीं सूनबाईची मैत्रीण म्हणाली, "काका, पाटी लावूं हो, पण पाटी असूनही कोणी तसाच आंत आला, तर त्याला सांगायचं कुणी? मंगळवारीं आणि गुरुवारीं संध्याकाळीं दुकानांत मी एकटी असतें." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शाळेंत पाटीच्या मागें हेडमास्तर असत.

चिरंजीवांनीं मग मोठमोठ्या दुकानदारांचीं जाहीर पत्रें संगणकावर काढून दिलीं, व तीं आम्हीं आठवडाभर वाचलीं. स्टारबक्स या कॉफीगृहांच्या कंपनीचे तत्कालीन प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनीं २०१३ च्या सप्टेंबरांत गिऱ्हाइकांस खुलें पत्र लिहिलें. शस्त्रस्वातंत्र्याचे कैवारी व त्यांचे विरोधक, असे दोघेही त्यांच्या कॉफीगृहांचा व्यासपीठासारखा उपयोग करूं लागले होते. शस्त्र आणूं नये अशी विनंती त्यांनीं केली. आणि ही बंदी नव्हे, हेंही सांगून टाकलें. कारण लपविलें नाहीं: बंदी घातली तर ती अंमलांत आणण्यासाठीं दुकानांतील नोकरांस सशस्त्र माणसासमोर जाऊन उभें राहावें लागेल. टार्गेट कंपनीनें २०१४ च्या जुलैंत असेंच विनंतीचें निवेदन काढलें. टेक्ससमध्यें त्या काळीं पिस्तूल उघडें बाळगण्यास मनाई, पण लांब नळीची रायफल खांद्यास अडकवून हिंडण्यास मोकळीक होती. आणि त्या मोकळिकीचें प्रदर्शन करीत कांहीं मंडळी दुकानांतून फिरत होती!

वॉलमार्टची गोष्ट यांहून दुःखाची. ३ ऑगस्ट २०१९ रोजीं टेक्ससमधील एल पासो शहरांत त्या कंपनीच्या दुकानांत एकानें गोळीबार केला. पुढें कांहीं महिन्यांनीं वारलेल्या एका जखमीसह त्यांत तेवीस माणसें गेलीं. पांचच दिवसांनीं मिसूरी राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें एक विशीचा तरुण चिलखत चढवून व रायफल घेऊन त्याच कंपनीच्या दुसऱ्या दुकानांत शिरला. आपला घटनादत्त हक्क दुकान मानतें कीं नाहीं, याची त्यास परीक्षा पाहावयाची होती म्हणे! व्यवस्थापकानें आगीची घंटा वाजवून लोकांस बाहेर काढविलें. पोलीस येईपर्यंत त्या तरुणास रोखून धरणारा मनुष्य आग विझविणाऱ्या दलांतला होता, त्या वेळीं कामावर नव्हता, आणि तोही सशस्त्रच होता. या एका प्रसंगावरून दोन्ही पक्ष आपापलें म्हणणें सिद्ध करूं शकतात. ३ सप्टेंबर रोजीं कंपनीचे प्रमुख डग मॅकमिलन यांनीं जाहीर केलें कीं, पिस्तुलाचीं काडतुसें विकणें आम्ही बंद करणार, आणि गिऱ्हाइकांनीं शस्त्र उघडपणें आणूं नये अशी आमची विनंती आहे. परवान्यानें झांकून बाळगणारांस मात्र कांहीं बदल नाहीं. त्याच दिवशीं क्रोगरनें व पुढील कांहीं दिवसांत औषधांच्या मोठ्या दुकानदारांनीं अशीच विनंती केली.

हें वाचतांना आम्हांस पाणिनीची आठवण झाली, ती वाचकांनीं क्षमा करावी. लिङ् लकाराचे अर्थ सांगतांना आचार्यांनीं विधि, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना हे सगळे एकाच सूत्रांत बसविले आहेत. विधि म्हणजे नोकराचाकरास केलेली आज्ञा. अधीष्ट म्हणजे मान देऊन एखाद्यास कार्याविषयीं सुचविणें. क्रियापदाचें रूप दोहोंस एकच. भेद असतो तो बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण यांत. स्टारबक्सचें आणि वॉलमार्टचें पत्र म्हणजे अधीष्टच. आणि आमचें 'लावून टाका' हा, ज्याचा अंमल करणारा कोणी नाहीं असा विधि.

आणि दुष्यंताचीही आठवण झाली. कण्वांच्या आश्रमांत शिरण्यापूर्वीं कालिदासाच्या नाटकांतील तो राजा अलंकार व धनुष्य उतरवून सारथ्याच्या हातीं देतो. त्यास कोणी पाटी दाखविली नव्हती. पण एक गोष्ट आम्हीं मुलांस शिकवितांना कधीं लक्षांत घेतली नव्हती: धनुष्य सांभाळावयास सारथी होता. टेक्ससमधील गृहस्थानें पाटी मानावयाची म्हणजे पिस्तूल मोटारींत ठेवून यावयाचें. आणि उभ्या मोटारींतून पिस्तुलें चोरीस जाणें ही त्या देशांतली मोठीच पीडा आहे. एका दुकानाचें भय अशा रीतीनें दारापासून तळापर्यंत, आणि तेथून न जाणों कोठें जातें!

आपल्याकडे हा प्रश्नच उठत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना मिळवितां मिळवितां माणूस थकतो, निवडणूक आली कीं परवान्याचीं हत्यारेंही पुष्कळांस ठाण्यांत जमा करावीं लागतात, आणि सराफाच्या दारीं दुनळी बंदूक असते ती गिऱ्हाइकाची नव्हे, रखवालदाराची. अमेरिकेंत इतर राज्यांनीं निराळी वाट धरून पाहिली. न्यूयॉर्कनें २०२२ सालीं व हवाईनें २०२३ सालीं नियमच उलटा केला: मालकानें स्पष्ट अनुमति दिली तरच शस्त्र आंत आणावें. मौन म्हणजे संमति कीं नकार, एवढाच हा वाद; आणि हवाईचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑक्टोबरांत विचारार्थ घेतला.

घरांतील निकाल शेवटीं त्या दोघींनींच लाविला. झांकलेल्या शस्त्राविषयीं पाटी लावावयाची नाहीं, उघड्याविषयीं लावावयाची. आम्हीं म्हटलें, "म्हणजे शस्त्र चालतें, दिसलेलें मात्र चालत नाहीं? यांत प्रामाणिकपणा तो कोणता?" सूनबाई म्हणाली, "बाबा, जें मला दिसतच नाहीं त्याची मनाई मी कशी पाळून घेऊं? आणि दिसलं, तर मी नुसतं पाटीकडे बोट दाखवीन. बोलावंही लागणार नाहीं." आमचें समाधान झालें नाहीं, अजूनही पुरतें झालेलें नाहीं. परंतु गल्ल्यावर तिनें बसावयाचें होतें, आम्हीं नव्हे.

पाटी आली, ती चिरंजीवांनीं दाराच्या कांचेवर लाविली, आणि आम्ही परत निघण्याच्या आदल्या आठवड्यांत तोच गृहस्थ पुन्हा आला. कांचेपाशीं थांबून त्यानें ती अक्षरें वरपासून खालपर्यंत वाचलीं, मागें वळून तो आपल्या गाडीकडे गेला, आणि थोड्या वेळानें परतला. पट्ट्याशीं आंत खोंचलेला सदरा आतां बाहेर काढलेला, कमरेखालीं सैल लोंबत होता. त्यानें टोपीस हात लाविला, रसाचे दोन डबे घेतले, आणि आमच्या पेल्याकडे पाहून या चहांत काय घालतां म्हणून विचारलें. सूनबाईनें त्यास आलें व वेलदोडा सांगितला, आणि एक पुडी मसाल्याची वर घातली. नात तिच्या स्टुलावर गुणाकार करीत होती. तिनें मान वर केली नाहीं.