मानी नावाचे गाव

प्रवासातले खरे भांडण निघाल्यावर होत नाही. ते नकाशावर होते. मेक्सिकोच्या युकातान भागात मोटारीने हिंडून माया लोकांची जुनी नगरे पाहायची, एवढ्यावर आमच्या घरात एकमत व्हायला दोन वर्षे लागली. गाडी चालवणार टेक्सासातली माझी भाची; आम्ही उभयतां मागे बसून उद्गार काढणार. विमानाने कानकूनला उतरायचे, तिथे भाड्याची गाडी घ्यायची आणि कोबा, चिचेन इत्सा, मेरिदा, उक्समल असे पश्चिमेकडे सरकत जायचे. ऑक्टोबर संपता संपता तिकडचा पावसाळा ओसरतो, म्हणजे दिवाळीची सुटी अगदी सोयीची. शिवाय ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर तिकडे 'हानाल पिशान' असते. घरोघर मेलेल्यांसाठी पान वाढतात. ही म्हणाली, "म्हणजे त्यांचा पितृपंधरवडा तीन दिवसांत उरकतो!"

बेत कळताच एका स्नेह्यांनी मला गाठले. माया म्हणजे आपल्या मयासुराचे वंशज, असे त्यांचे ठाम मत. दुसऱ्याच्या पोराला आपले आडनाव लावण्याची ही हौस मला मानवत नाही. त्या लोकांनी वीस-वीसच्या पटीत अंक मांडले, शून्याला शिंपल्याची खूण दिली, आणि ते सारे स्वतःच्या बुद्धीने केले. मयासुराला एक मयसभा पुष्कळ झाली.

मला त्यांच्या देवळांइतकेच त्यांच्या रस्त्यांचे वेड लागले आहे. चुनखडीचे, उंच भरावाचे, पांढरे रस्ते. नावही 'साकबे', पांढरी वाट. कोब्याहून निघालेली अशी एक वाट सुमारे १०० किलोमीटर जाते. ओढायला बैल नाही, घोडा नाही, गाडी नाही. सारे ओझे माणसाच्या पाठीवर. आणि तरी एवढा लांब रस्ता! आजच्या सडकांवर म्हणे प्रत्येक खेड्याच्या तोंडाशी 'तोपे' नावाचे गतिरोधक आहेत. भाचीला भीती आहे ती त्यांचीच.

चिचेन इत्सावर कोणाचाच वाद नव्हता. तिथल्या मोठ्या मंदिराला चार बाजूंनी ९१ पायऱ्या आणि माथ्यावर एक, अशा ३६५. वर्षाचे पंचांगच दगडात उभे केलेले. वर चढायची मात्र बंदी आहे, हे ऐकून हिच्या गुडघ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उक्समलला मी दोन दिवस मागून घेतले. युकातानच्या भूमीवर नद्या वाहत नाहीत, पाणी पोटात मुरते. आणि उक्समलच्या बाजूला तर पाण्याची नैसर्गिक विवरेही नाहीत. तिथल्या लोकांनी जमिनीत टाक्या खोदून पाऊस साठवला, आणि लांब सोंडेच्या पर्जन्यदेवाचे मुखवटे भिंतींवर ओळीने बसवले. देवावर भरवसा, पण टाक्या आधी!

भांडण झाले ते मानीवरून. उक्समलच्या पूर्वेला हे एक लहानसे गाव. नाव ऐकून मराठी माणसाला आपलेच वाटावे.

"मामा, तिथं पाहायला आहे काय? एक जुना मठ. तेवढ्यात काबा होईल, लाब्ना होईल."

पाहायला नाहीच काही. जे होते ते १२ जुलै १५६२ रोजी जळाले. दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने तिथे मूर्तींबरोबर मायांच्या पोथ्या आगीत घातल्या. सालीच्या कागदावर चुन्याचा हात देऊन रंगवलेल्या, घडीघडीच्या पोथ्या. आज जगात अशा चारच शिल्लक आहेत. लोकांना फार दुःख झाले, हे त्या लांदानेच पुढे लिहून ठेवले. त्याच लिखाणात त्याने मायांच्या अक्षरांची एक वेडीवाकडी यादीही टिपली होती. लेनिनग्राडात बसून युरी क्नोरोझोव या विद्वानाने १९५२ साली त्या यादीवरूनच लिपी वाचण्याची वाट दाखवली. ती भूमी त्याला पाहायला मिळाली १९९० साली! जाळणाऱ्याच्याच हातात किल्ली राहिली होती.

हे सगळे मी भाचीला फोनवर सांगितले. ती नुसती "हं" म्हणाली. मग मी तिला आजीची वही आठवते का, ते विचारले. २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीच्या घरात पाणी शिरले, तेव्हा माझ्या आईची ओव्यांची वही लाकडी पेटीत होती. पाणी उतरल्यावर तिचा लगदा हाती आला. निळी शाई सगळ्या पानांत सारखी पसरली होती. आईला त्यातल्या चाळीसेक ओव्या पाठ होत्या. बाकीच्या, ती म्हणाली, लिहिल्या होत्या म्हणून विसरले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"मानीला अजून माया बोलतात का?" तिने विचारले.

बोलतात. बाजारात, अंगणात, पोरांना हाका मारताना. माया नाहीसे झाले असे लिहिणाऱ्यांनी एकदा तिथल्या बाजारात उभे राहावे.

"बरं. लाब्ना काढते."

हिची शंका वेगळीच होती. मानीचे 'पोक चुक' प्रसिद्ध, आणि ते डुकराच्या मांसाचे. मग आम्ही काय खायचे? मी सांगितले, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याच्या भाकऱ्या थापतात, जोडीला काळा घेवडा. "चुन्याच्या पाण्यात?" असे म्हणून तिने आवळासुपारीचा मोठा डबा भरायला घेतला आहे.