वेगाचा हिशेब

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची. २१ किलोमीटरांची वळणावळणाची वाट, कुठे कुठे विसास एक असा चढ. जो चढ पाहतो त्याच्याच हाती वेग असावा, हे नेरळात कुणाला शिकवावे लागत नाही. आम्हां मराठीच्या अध्यापकांना ते आठवले, ते लिनक्सच्या कर्नलविषयी वाचताना.

प्रोसेसर सदैव पूर्ण वेगाने धावला तर वीज फुकट जळते. म्हणून कामाचा भार पाहून वेग ठरवणारी संहिता कर्नलमध्ये असते. २००४ साली आलेला 'ऑनडिमांड' ठरावीक अंतराने डोकावून पाही, की मधल्या काळात प्रोसेसर किती गुंतला होता. वास्तविक, कामांच्या पाळ्या लावणाऱ्या शेड्युलरपाशी भाराची जाण असतेच. २०१६ च्या ४.७ आवृत्तीतल्या 'शेड्युटिल'ने तिचाच थेट आधार घेतला. सूत्र एका ओळीचे: भाराच्या सव्वापट वेग. क्षमतेचा ८० टक्के भाग व्यापला, की वेग पूर्ण.

वर्गात 'सोपे करून सांगा' म्हटले की आम्ही धास्तावतो. बहुधा त्याचा अर्थ 'कमी सांगा' असाच असतो. इथे गळले ते केवळ पुन्हा विचारणे. १९६२ च्या नियमांनी 'नांव'वरचा अनुच्चारित अनुस्वार काढला, तेव्हा मात्र 'नाम'शी असलेले नातेही दिसेनासे झाले. शिवाय 'ऑनडिमांड' आजही कर्नलमध्ये आहे. हवा त्याने निवडावा. उत्तरपत्रिकेतल्या 'नांव'खाली आम्ही लाल रेघ ओढतो.