विकतची वहिवाट

फिनलंडमध्ये जंगलात जायला तिकीट नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही प्रवेशशुल्क नाही. सौनाचं म्हणाल, तर तो आमच्या इमारतीच्या तळघरातच आहे. सोसायटीला महिन्याकाठी थोडे युरो दिले की आठवड्यातला एक ठरलेला तास आपल्या नावावर होतो. आणि तरीही माणशी शंभरेक युरो घेऊन लोकांना दुपारभर जंगलात हिंडवायचं आणि संध्याकाळी सौनात नेऊन बसवायचं, हा धंदा या देशात उत्तम चालतो. साताऱ्याहून आलेल्या माझ्या मावशीला मी हे सांगितलं, तेव्हा तिने गणिताच्या बाईंना शोभेल असा प्रश्न विचारला, "मग पैसे नक्की कशाचे?"

बुकिंग माझ्या नवऱ्याने करून टाकलं होतं, तिच्या वाढदिवसाची भेट म्हणून. पैसे परत मिळणार नव्हते. म्हणून सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघी निघालो. मावशी रोज पहाटे अजिंक्यतारा चढते, तेव्हा तिच्या चालण्याची मला काळजी नव्हती. काळजी होती ती संध्याकाळची.

नूक्सिओचं राष्ट्रीय उद्यान आमच्या एस्पो शहराच्या अंगालाच आहे. हेलसिंकीहून लोकल आणि पुढे बस धरली तरी फार वेळ लागत नाही. १९९४ साली स्थापन झालेलं, सुमारे ५३ चौरस किलोमीटरचं, म्हणजे बोरिवलीच्या उद्यानाच्या साधारण निम्मं. डोंगर म्हणावेत असे डोंगर नाहीत. हिमयुगातल्या बर्फाने घासून गुळगुळीत केलेले कातळ, त्यांच्या मधल्या खोलगट भागांत तळी आणि दलदल, आणि सगळीकडे पाइन, स्प्रूस, बर्च. आमच्या गटात एक स्पॅनिश जोडपं होतं आणि नोकरीसाठी नुकताच आलेला एक कोरियन मुलगा. वाट दाखवणाऱ्या बाई चाळिशीच्या, पायात रबरी बूट, कमरेला म्यान घातलेला सुरा. त्यांचं प्रास्ताविक दोन वाक्यांत संपलं. "आज आपण विशेष काही करणार नाही. इथले लोक सुट्टीच्या दिवशी जे करतात, तेच करू."

आणि खरंच, त्यांनी माहिती अशी फारशी दिलीच नाही. हाउक्कालांपी तळ्यापासून वाट वर चढते. कातळावर राखाडी-पांढऱ्या दगडफुलाची जाडजूड गादी पसरलेली होती. मावशी खाली वाकली. "अगं, हे तर गोड्या मसाल्याच्या घराण्यातलं!" ढोबळमानाने तिचं बरोबर होतं, कूळ वेगळं, पण दोन्ही दगडफुलंच. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं, की कोरड्या दिवसांत यावर पाय पडला तर त्याचा चुरा होतो आणि ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, तेव्हा वाटेवरूनच चालू या. दलदलीवर लांब फळ्यांची जोडवाट टाकलेली होती. पुढे एका ॲस्पेनच्या बुंध्याशी त्या उकिडव्या बसल्या आणि त्यांनी बारीक पिवळट लेंड्या दाखवल्या. उडत्या खारीच्या. ही खार नूक्सिओचं बोधचिन्ह आहे. ती रात्री हिंडते, त्यामुळे इथल्या बहुतेक लोकांची तिच्याशी ओळख लेंड्यांपुरतीच असते.

फिनलंडच्या जमिनीचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त खासगी मालकीचं, मुख्यतः कुटुंबांचं. त्यांच्यासाठी ते शेतच. लाकूड वाढतं, कापलं जातं, विकलं जातं. पण अशा परक्याच्या रानातूनही कुणीही चालावं, सायकल किंवा स्की घेऊन जावं, एखादी रात्र तंबू ठोकावा, बेरी आणि अळंबी वेचावीत. मालकाला विचारायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. याला इथे 'योकाइसेनओइकेउस' म्हणतात, म्हणजे प्रत्येकाचा हक्क. तो देताना नागरिकत्व बघत नाहीत. विमानतळावरून थेट रानात गेलेल्या पाहुण्यालाही तो तितकाच लागू. गंमत म्हणजे या हक्काचा असा एकसंध कायदा नाही. वेगवेगळ्या कायद्यांतल्या तरतुदी आणि पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट यांच्या आधारावर तो उभा आहे.

मर्यादा आहेत, आणि त्या जिथल्या तिथे कळत गेल्या. कुणाच्या घराच्या अंगणातून जायचं नाही. उभ्या पिकातून जायचं नाही. मालकाच्या परवानगीवाचून शेकोटी पेटवायची नाही. उद्यानात शेकोटीसाठी जागा ठरवून दिल्या आहेत, सरपणही ठेवलेलं असतं. शेवाळ, दगडफूल उपटायचं नाही. जिवंत झाडाची डहाळीही मोडायची नाही.

"आमच्याकडे देवराईतली पडलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत," मावशी म्हणाली. मी भाषांतर केलं. बाईंना ते फार आवडलं. "आणि फळं?" त्यांनी विचारलं. मावशीने थोडा विचार केला. "तिथे सगळंच देवाचं. तुमच्याकडे फळ सगळ्यांचं आणि फांदी मालकाची." मी ज्याला परिच्छेद खर्च केला, ते तिने एका ओळीत मांडलं.

मला या हक्काची माहिती होती. इथे आल्यावर भाषेच्या वर्गात त्यावर धडाच असतो, परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहिलं आहे. पण झुडपाला लगडलेलं फळ दिसलं की अजूनही माझी नजर आधी आजूबाजूला जाते, कुणी ओरडतंय का ते बघायला. ज्या गावात मी वाढले तिथे प्रत्येक आंब्याला मालक होता आणि प्रत्येक मालकाला खणखणीत आवाज होता. माझ्या शेजारणीचं तसं नाही. तिला चालता येऊ लागलं तेव्हापासून आजीबरोबर बादली घेऊन ती रानात गेलेली आहे. कायद्यापुढे आम्ही दोघी सारख्या. पण तिचा हात आपोआप खाली जातो आणि माझा खिशात राहतो.

बाईंनी आमचे हात खिशातून बाहेर काढले. स्प्रूसच्या सावलीत निळसर-काळ्या 'मुस्तिक्का'चा हंगाम सरत आला होता. उन्हातल्या कोरड्या कातळावर लालभडक 'पुओलुक्का' मात्र भरात होत्या. आंबट, किंचित कडवट. त्यांच्यात बेन्झोइक ॲसिड मुळातच असतं, त्यामुळे नुसत्या ठेचून ठेवल्या तरी हिवाळाभर टिकतात. हे ऐकल्यावर मावशीने प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्या डोक्यात लोणच्याचा विचार सुरू झाल्याचं मला दिसलं. अळंबीच्या बाबतीत बाईंचा नियम कडक होता. एका दिवशी एकच शिकायची. आमची त्या दिवशीची होती 'कांतारेल्ली' : अंड्यातल्या बलकाच्या पिवळ्या रंगाची, छत्रीखालच्या कडा देठावर उतरत गेलेल्या, वास किंचित जर्दाळूचा. उरलेल्यांना हात लावायचा नाही. संपूर्ण पांढरी, दिसायला सोज्वळ अशी एक जात इथे उगवते, ती जीव घेते. "मलाही आजीने असंच शिकवलं," त्या म्हणाल्या, "वर्षाला एक किंवा दोन."

या हक्काला दुसरी बाजूही आहे, आणि वेचलेली बेरी विकत घेणाऱ्या माझ्यासारखीने ती लक्षात ठेवायला हवी. सुपरमार्केटमधली पुष्कळशी रानबेरी उत्तरेकडच्या जंगलांत थायलंडहून आलेले हजारो मजूर वेचत आले आहेत, याच हक्काच्या आधारावर. वर्षानुवर्षं ते कागदोपत्री कुणाचे नोकर नव्हते. प्रवासाचं कर्ज डोक्यावर आणि कमाई वेचलेल्या किलोंवर. त्यातून पिळवणुकीचे, अगदी मानवी तस्करीचे खटले न्यायालयात उभे राहिले आणि मग नियम कडक झाले. हक्क सगळ्यांना सारखा दिला, म्हणून सगळे सारखे होत नाहीत. सोबत कोण आहे आणि त्याचा हेतू काय, यावर बरंच ठरतं.

संध्याकाळी आम्ही उद्यानाबाहेरच्या एका तळ्याकाठी पोचलो. लाकडी झोपडी, धुराडं, पाण्यात उतरणारा छोटा धक्का. चुलीतला विस्तव दुपारपासून चालू होता. आधी बायकांची पाळी, मग पुरुषांची. कपड्यांबद्दल बाई म्हणाल्या, "पोहण्याचे घाला, टॉवेल गुंडाळा, नाहीतर काहीच घालू नका. कोण काय करतं ते इथे कुणी बघत नाही. मात्र बसायला खाली एक टॉवेल घ्या." आणि स्वतः त्यांनी काहीच घातलं नाही. स्पॅनिश बाई पोहण्याच्या पोशाखात. मावशी सुती गाऊन घेऊन आली होती, तोच घालून ती खालच्या फळीवर बसली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. तिथेच माझी निम्मी काळजी संपली.

भिंतीवरचा तापमापक ८० अंशांच्या आसपास होता. पाणी एवढं तापलेलं असतं तर भाजून निघालो असतो. पण कोरडी हवा उष्णता सावकाश पोचवते आणि घाम सुकताना अंग थंड ठेवतो, म्हणून बसता येतं. खरा कस नंतर लागतो. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी पडलं, की त्याची वाफ छताशी जाते आणि तिथून खाली उतरून तुमच्या तुलनेने थंड कातडीवर तिचं पाणी होतं. ते होताना ती साठवलेली सगळी उष्णता तुमच्या खांद्यांवर सोडते. या वाफेला 'लोयल्यू' म्हणतात, आणि ती सोडण्यापूर्वी बाकीच्यांना विचारायचं, ही रीत. बाईंनी मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "टाका."

कोपऱ्यात बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी भिजत होती. तिला 'वीहता' म्हणतात, पूर्वेकडचे लोक 'वास्ता'. तिने अंगावर हलके फटके मारून घेतात, रक्त खेळतं आणि सगळीकडे ओल्या पानांचा वास सुटतो. मावशीने लगेच आक्षेप घेतला, "पण फांदी मोडायची नाही ना?" बाई हसल्या. डहाळ्या त्यांच्या भावाच्या जमिनीवरच्या होत्या, जूनमध्ये पानं कोवळी असताना कापून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या. फांदी मालकाची, दुपारचा नियम संध्याकाळीही कायम होता.

मावशीने पाठ शेकत विचारलं, "इथे बाळंतिणीला शेक देत असतील का हो?" शेक-शेगडीची पद्धत मी जमेल तशी समजावली. बाई म्हणाल्या, "शेक? माझी आजी सौनातच जन्मली." खेड्यापाड्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ते सर्रास होतं. ऊब असलेली, गरम पाणी हाताशी असलेली आणि घरच्या वर्दळीपासून लांब अशी ती एकच जागा. माणूस गेल्यावर आंघोळही तिथेच घालत. यानंतर त्या दोघींना माझ्या भाषांतराची फारशी गरज उरली नाही. थोड्या वेळाने मावशी गाऊन बाजूला ठेवून टॉवेलवर आली आणि वरच्या फळीवर सरकली.

तळ्याचं पाणी पंधरा अंशांच्या आसपास असेल. मावशी गुडघ्यापर्यंत उतरली, अथर्वशीर्षाची सुरुवात मोठ्याने म्हणाली आणि एकदम बसली. वर आल्यावर राय पिठाच्या पारीत तांदळाची खीर भरून भाजलेल्या करेलियन पोळ्या होत्या. मांसाहारी मंडळींना मक्कारा, म्हणजे शेकोटीवर भाजलेलं सॉसेज.

१७ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने फिनलंडच्या सौना-संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अमूर्त, म्हणजे झोपडी नव्हे, चूल नव्हे, वापरण्याची रीत. आणि ही रीत मुख्यतः कुटुंबातून पुढे जाते, असंच तिथे नोंदलेलं आहे. साडेपाच दशलक्ष लोकांच्या देशात सौना तीसेक लाखांच्या घरात आहेत, तेव्हा कुटुंबांची सोय झालीच. ज्याचं कुटुंब इथलं नाही, त्याने काय करायचं, हा प्रश्न यादीबाहेरचा.

घरी परतताना मावशीने मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला, सौनामुळे हृदयविकार टळतो असा. त्यामागे खरा अभ्यास आहे. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षं लक्ष ठेवून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून येणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. सौनामुळेच कमी, असं मात्र त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. "सगळे पुरुषच?" मावशी म्हणाली. मग म्हणाली, "आणि जन्मभर सवय असलेले." नेमकं तेच. त्या आकड्यांत हौशी पाहुणा कुठेच नाही.

एवढी वर्षं परदेशात काढल्यावर मला वाटतं, की देश आपल्याला हक्क फार लवकर देतो. कार्ड मिळतं, नंबर मिळतो, ग्रंथालयात पुस्तकं मिळतात, रानात बेरी मिळतात. सवय मात्र कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. ती कुणीतरी शेजारी उभं राहून, आपल्याआधी स्वतः वाकून, लावावी लागते. इथल्या मुलांना त्यासाठी आजी असते. आम्ही ती आजी तासांच्या हिशेबाने भाड्याने घेतली, आणि सौदा मुळीच महाग पडला नाही.

निरोप घेताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला बोलावू नका. तुम्हीच कुणाला तरी घेऊन या." आमच्या मराठी मंडळींचे इथे भरपूर व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. घरभाडं, बँक, पाळणाघर, हिंग कुठे मिळतो, सगळ्याचं उत्तर दहा मिनिटांत येतं. रानात कोण नेईल, हे कुणी विचारत नाही, कारण असं विचारायचं असतं हेच माहीत नसतं. मी त्यावर विचारायची वाट न बघता लिहिलं आहे : शनिवारी नूक्सिओ, बादली आणावी. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं येतंय, कोरियन मुलगाही येतो म्हणालाय. मला एक बेरी आणि एक अळंबी खात्रीने ओळखता येते. त्यांना तेवढीही येत नाही, म्हणजे मार्गदर्शक व्हायला माझं भांडवल पुरेसं आहे.